भिंग जोडलेलं नाही

कॅमेरा म्हणतो, भिंग जोडलेलं नाही.
माझ्या तळहातावर पाव किलोचा धातू आणि काच,
मधे बोटभर रुंदीचा अडॅप्टर,
तरी तो म्हणतो, नाही.
त्याला दोन्ही बाजूंनी विजेची कुजबुज लागते
आणि हे तर मुकं, जन्मापासून.
मग मेनूच्या चौथ्या पानावर जाऊन
त्याला परवानगी द्यायची:
भिंगावाचूनही फोटो घेत जा.

ओकायाच्या स्टेशनामागे, मोडक्या मालाच्या टोपलीत
आठशे येनला मिळालं.
दुकानदाराने आधीच सांगितलं, परत घेणार नाही.
काच पिवळी, शिळ्या चहासारखी,
कडेला बुरशीचा बारीक कोंब,
आणि रिंग इतकी घट्ट
की दातओठ खाऊन फिरवावी.
पिवळेपणावर औषध एकच, तो म्हणाला, ऊन.

तेवीस दिवस खिडकीत ठेवलं,
वाळवणासारखं, रोज कूस बदलून.
तळ्यावरून येणारं जानेवारीचं ऊन, कंजूष,
मोजून मापून सांडणारं.
चोविसाव्या दिवशी समोरची भिंत
पांढरी दिसली. म्हणजे होती तशीच.

रिंग मात्र हटेना.
खालच्या मजल्यावरच्या सेत्सु मियासाका,
नव्वदीला दोन कमी,
अंगठा ठेवून म्हणाल्या, हे ग्रीस आमचं नव्हे.
नंतर कुणीतरी भरलंय. आडदांड माणूस असणार.
एकोणीस वर्षं त्या कारखान्यात बसून
टाचणीच्या डोक्याएवढं ग्रीस आट्यांना लावायच्या.
जास्त झालं तर पाकळ्यांवर उतरतं,
कमी झालं तर रिंग कुरकुरते.
डोळ्यांत तेल घालून काम करायचं, म्हणाल्या,
भिंगात नाही.

मग स्वयंपाकघरातल्या टेबलावर वर्तमानपत्र,
लायटरचं पेट्रोल, कापसाच्या काड्या,
स्क्रू ठेवायला सोयासॉसची वाटी.
त्यांचे हात थरथरत होते,
थरथरतच राहिले.
म्हणून फिरवायला मला लावलं
आणि स्वतः नळीला कान लावून बसल्या.
अजून. अजून थोडं. आता बोलते बघा.
मला काहीच ऐकू आलं नाही.

अडॅप्टर केसभर पातळ आहे.
त्यामुळे रिंग अनंताच्या खुणेपाशी थांबत नाही,
सरकते आणखी जरा पुढे,
आणि तिथे डोंगरही पुसट, चांदण्याही पुसट.
मी तक्रार केली.
त्या म्हणाल्या, पुढे गेलात तर परत यायचं,
एवढं काय त्यात.

त्यांचा फोटो काढताना
पडद्यावर धारेधारेला लाल ठिपके उठत होते.
स्वेटरच्या विणीवर उठले,
थर्मासच्या झाकणावर उठले,
डोळ्यावर काही येईनात.
मी रिंग मागे घेतो, पुढे करतो,
श्वास धरतो, त्यांचा हलतो.
शेवटी त्यांनीच हात वर केला:
तुम्ही थांबा. मी येते.

आणि पाठ न वाकवता, कमरेतून,
तांदळाच्या दाण्याएवढ्या, मग अर्ध्या दाण्याएवढ्या
पुढे आल्या.
लाल रंग गालावरून चढत
पापणीच्या केसाला येऊन लागला.
तेव्हा दाबलं.

फोटोमागची माहिती उघडली तर,
छिद्र शून्य, अंतर शून्य,
भिंगाच्या नावापुढे एक आडवी रेघ.
काय लिहिलंय, त्यांनी विचारलं.
मी रेघ दाखवली.
बराच वेळ बघून म्हणाल्या, सरळ आहे.
आणि चहा ओतायला उठल्या.

आमच्या वेळी तळं रात्री ओरडायचं, हे दारातून सांगितलं.
बर्फ तडकायचा, या काठापासून त्या काठापर्यंत,
शाळेतली पोरं उठून बसायची.

दुसऱ्या दिवशी पहाटे, उणे चार.
देवळातली माणसं काठावर आली,
दोरीला बांधलेला तापमापक पाण्यात सोडला,
बॅटरीच्या उजेडात वहीत लिहिलं: मोकळं पाणी.
कुणी काही बोललं नाही. एकजण शिंकला.
थंडीत रिंग लोण्यासारखी फिरत होती.
मी अनंतापर्यंत नेली, ओलांडली,
आणि केसभर
मागे आलो.