अस्वलाचं तिकीट

आज अस्वल परत द्यायचं.
आई म्हणते, "अस्वल न्हवं गं, पुस्तक."
पण पुस्तक म्हणजे नुसतं दार,
आत अस्वलच राहतंय की.
पान नऊवर झोपतं, पान दहावर उठतं,
आणि मी पुस्तक मिटलं
की त्याच्या घरातली लाईट जाते.

सात दिवसांसाठी आलं होतं, अकरा दिवस राहिलं.
दिवसाला रुपया दंड,
म्हणजे खानावळीचे चार झाले.
स्वस्तात पडलं, दादा म्हणतो,
अस्वल काय भाकरी खात नाही.

खातं.
पान चौदा उघडून बघा,
कोपऱ्यात तांबड्या रश्श्याचं बोट उठलंय.
ते माझं नाही.
माझ्या आधी ज्यांच्याकडे राहिलं
त्यांच्यात रविवारचं मटण असणार.

शेवटच्या पानाला कागद चिकटवलाय,
त्यावर जांभळ्या तारखा.
तेवढ्या वेळा त्याला कुणीतरी घरी नेलं
आणि तेवढ्याच वेळा आणून सोडलं.
आठ मार्च. अठ्ठावीस जून.
मग दिवाळी होऊन गेली तरी कुणीच नाही.
एवढे दिवस काय केलं असेल त्यानं,
एका अंगाला वाघ,
दुसऱ्या अंगाला विज्ञानाचे सोपे प्रयोग?

म्हणून आज सरळ वाचनालयात नाही गेलो.
(मी मुलगीच आहे. आमच्यात मुलीपण 'गेलो' म्हणतात.
पुण्याची मामी हसते. हसू दे.)
आधी गंगावेशीत, दूध कट्ट्यावर.
पुस्तक उघडून म्हशीसमोर धरलं.
म्हशीनं अस्वलाकडे बघितलं,
अस्वलानं म्हशीकडे.
दोघंही काळी.
दोघांनाही वाटलं, पाहुण्यांतलंच कुणीतरी आहे.

मग रंकाळ्यावर.
वारं आलं आणि पानं आपोआप उलटली,
अस्वल असं पळत सुटलं
की गोष्ट संपून परत पहिल्यापासनं लागली.

तालमीच्या दारातनं लाल माती दाखवली.
आत एक दादा दंड काढत होता, फूं फूं करत.
मी सांगितलं, तालमीत दंड काढतात,
वाचनालयात भरतात.
अस्वलाला काय कळलं नाही.
मलापण आधी कळलं नव्हतं.

वाचनालयाच्या पायरीवर बसून
त्याला एकच गोष्ट बजावली:
दुसऱ्याच्या घरी गेलंस की आमच्या घरचं सांगायचं नाही.
बाबांची फौंड्री बंद पडली, ते नाही.
आई मोरीत नळ मोठा सोडून
उगीच तीच ती भांडी घासते, ते तर नाहीच नाही.
दादाचे गणितातले मार्क सांगितलेस तर चालतील.
अस्वल काही बोललं नाही.
ते अख्ख्या गोष्टीत एकदाच बोलतं,
तेपण "हं".

मग पान नऊमध्ये
केएमटीचं तिकीट ठेवलं, हाफ.
आठवण आली तर यायला.
कालचं आहे,
पण अस्वलाला कुठं तारीख वाचता येते?

आत माजगावकर काका.
ते प्रत्येक पुस्तक उलटं धरून झटकतात.
त्यातनं मोरपीस पडतं, लाईट बिल पडतं,
एकदा तस्लीम बागवानचा दात पडला होता,
तो तिला परत मिळाला.
माझं तिकीट पडलं.

काकांनी ते उचललं,
चष्मा कपाळावर सरकवून
दोन्ही बाजूंनी वाचलं.
"पान नऊ," मी म्हणालो.
त्यांनी एकदा माझ्याकडे बघितलं,
नववं पान काढलं,
तिकीट अस्वलाच्या उशाला सरळ करून ठेवलं,
शिक्का मारला. टप्प.

मग हात पुढे केला,
"चार रुपये."