दोन डब्यांची जागा

चार फूट लांब, दीड फूट रुंद प्लायवूडची फळी.
रूळ दोन्ही कडांना बरोबर मधोमध संपले पाहिजेत,
म्हणजे शेजारच्या फळीला जोडता येतील.
एवढाच क्लबचा नियम. बाकी तुझं तू बघ, म्हणाले.

साखर पेठेत, बंद मागांच्या एका शेडवर
आम्ही रविवारी जमतो.
दातांचे डॉक्टर बिराजदार, दोन वायरमन,
होटगीला तीस वर्षं सांधे बदललेले दस्तगीर मणियार,
आणि मी.
मला रेल्वेतलं काही कळत नाही,
तारा कळतात.

मुख्य रुळाला मी तीन फाटे काढले,
गिरणी, सिमेंट, मालधक्का,
आणि डाव्या अंगाला एक बंद टोक.
तिथे इंजिन मावतं आणि दोन डबे.
तिसरा आणलात तर त्याचं मागलं चाक
सांध्यावर राहतं
आणि सगळं अडतं.

"सहा इंच वाढव की," डॉक्टर म्हणाले,
"फळीवर जागा आहे."
जागा मलाही दिसत होती.

आमच्या घरात एक खोली आणि दोन माग.
रात्री दहाला खटखट थांबली
की नायना आधी सायकल बाहेर काढायचे.
सायकलीच्या जागी बॉबिनची पेटी,
पेटीच्या जागी आत्याचं अंथरूण,
दोन मागांच्या मधल्या पट्टीत आम्ही दोघी बहिणी,
मग सायकल परत आत, आमच्या पायांशी.
क्रम चुकला तर कुणीतरी
उशी कवटाळून उभंच.
ही आकृती मला कुणी शिकवली नव्हती.
वहीत ती उतरली तेव्हा
पेन्सिलीला खोडावं लागलं नाही.

सहा इंच मी वाढवले नाहीत.

जेकार्डची जुनी कार्डं माळ्यावर होती,
मोराच्या चादरीची, दोऱ्यात ओवलेली.
त्यातली बारा सोडवून घेतली.
खेळायला येणारं पोर एक कार्ड फटीत सरकवतं,
भोकातून उजेड खाली पडतो,
आणि फळीवरचे दिवे सांगतात:
निळा डबा गिरणीत, पिवळा सिमेंटला,
पांढरे दोन धक्क्यावर, पांढऱ्यांच्या मागे लाल.
मोराची मान आता
पाच डब्यांचा क्रम झाली आहे.
नायना असते तर आधी म्हणाले असते,
कार्ड उलटं घातलंयस.
(एक खरंच उलटं होतं.)

सांध्यांना मी बटणं लावली होती.
मणियारचाचांनी एक दाबलं,
बोटाकडे बघितलं, म्हणाले,
"यानं दिवा लागतो गं. सांधा असा बदलत नसतो."

मग लिव्हर. मग लिव्हरच्या मुळाशी
धोट्याच्या पेटीतली पट्टीची स्प्रिंग.
"अजून कडक."
पुढल्या रविवारी, "अजून."
तिसऱ्या खेपेला ती बोटभर दांडी ओढताना
त्यांचा खांदा किंचित खाली गेला,
तेव्हा ते काही बोलले नाहीत
आणि मी पान्हा खाली ठेवला.

एकच गोष्ट त्यांनी स्वतःहून मागितली.
सांध्यावर चाक असताना
लिव्हर हलताच कामा नये.
जोर लावला तरी नाही, म्हणाले, कुणीही लावला तरी.
का, ते सांगितलं नाही.
मी रुळाखाली दोन सेन्सर बसवले
आणि एक जास्तीचा, न विचारता.

काल पहिलं कार्ड त्यांनी खेचलं.
कडक भाकरी आणि शेंगाचटणीचा डबा
सिमेंटच्या फाट्याजवळ उघडाच राहिला.
इंजिन मागे, पुढे, बंद टोकात, परत.
सतराव्या हालचालीला चार डबे जागेवर,
लाल मात्र पांढऱ्यांच्या पुढे अडकलेला,
आणि इंजिन त्याच्या पलीकडे कोंडलेलं.

सगळे थांबले. डॉक्टरांनी सहा इंचांचा विषय
काढायला तोंड उघडलं आणि मिटलं.

चाचांनी चष्मा पुसला,
फळीभोवती एक फेरी मारली.
"खऱ्या यार्डात," ते म्हणाले,
"हे आम्ही रात्रपाळीवर सोडलं असतं."

आणि दिवे तसेच चालू ठेवून जेवायला बसले.