छप्पन्न पाय

हमीदभाई पिंजारींच्या कारखान्यात
आम्ही शाळेची दप्तरं शिवतो, दोंडाईच्याला,
मिरच्यांच्या पथारींपलीकडे, जिथे शिंकून शिंकून
नव्या बाईचा पहिला आठवडा जातो.
वैशाखात सुरतेहून ऑर्डर आली:
कुत्र्यांचे बूट, नग चारशे.
सोबत नमुना एक, निळा, माझ्या तळहाताएवढा,
फर्रकन उघडणारी चिकटपट्टी.
सिंधूबाईने तो दोन बोटांवर चढवून नाचवला,
‘हाई काय शे वं? कुत्रा आते शायामा जाई का?’
इतक्या हसलो आम्ही, सगळ्या मशिनी थांबल्या.

हमीदभाईंनी सांगितलं ते असं:
दूर कुठेतरी बर्फावरून कुत्रे गाडी ओढतात,
आठ-दहा दिवस, रात्रीसुद्धा.
बर्फ बोटांच्या बेचक्यात शिरून गोठतो, खडा होतो,
खड्याने कातडी फाटते.
म्हणून बूट. म्हणून शिवण बाहेरून,
आतून घासली तर बूटच जखम करायचा.
एका गाडीला चौदा कुत्रे.
मी मनात गुणलं.
मुक्काम आला की माणूस बर्फात गुडघे टेकतो म्हणे,
छप्पन्न वेळा काढतो, छप्पन्न वेळा घालतो,
स्वतःच्या तोंडात घास जायच्या आधी.

मी बर्फ पाहिलेला नाही,
गोळेवाल्याच्या रंध्याखालचा सोडून.
डोळ्यांपुढे आलं ते जिनिंगचं आवार,
पौषातला कापूस डोंगराएवढा,
आणि त्यात घोट्यापर्यंत बुडालेले कुत्रे, निळ्या पायांचे.
बाहेर पारा पंचेचाळीसवर होता.
पत्रा तडतडत होता.

तपासणीत एकवीस नग बाद झाले, त्यातले सहा माझे.
टाका सुटलेला, पट्टी तिरकी.
‘मशिनी पुसायला घ्या,’ हमीदभाई म्हणाले.
मी पिशवीत घातले.

नंदुरबार रस्त्याला दगा मारनरची मेंढरं थांबली होती,
एकमेकींच्या पोटाखाली डोकी घालून, सावली म्हणून.
डांबर वितळून चपलेला धरत होतं.
त्याची कुत्री, झिपरी,
एक पाय उचलायची, टेकायची, दुसरा उचलायची,
थांबलेल्या जागीही चालतच होती बिचारी.
‘तिना पाय भाजतस,’ दगा म्हणाला,
जसं काही मी विचारलं होतं.

त्याने तिची मान काखेत धरली, मी पाय धरला.
तळव्याच्या गादीत डांबराचा काळा थेंब, वाळलेला,
त्याच्याशेजारी बाभळीच्या काट्याचं टोक.
ते आधी काढलं. ती माझ्या मनगटाला नुसते दात लावून राहिली,
चावली नाही.
मग एकेक बूट. चारच पाय,
तरी माझी पाठ भरून आली.

झिपरी उठली आणि पाण्यातून चालावं तशी चालली,
पाय उंच उंच टाकत, कोरड्या ठाक रस्त्यावर.
मेंढ्या बघत राहिल्या. एक कोकरू घाबरून ओरडलं.
दगा हसला नाही.
वाकून रस्त्याला हात लावून पाहिला त्याने,
मग तिच्या बुटाला.
मैलभर पुढे गेल्यावर तिने एक बूट फाडून खाल्ला असणार,
तो मला दुसऱ्या दिवशी मोरीजवळ सापडला, चघळलेला.
बाकी तिघांचं माहीत नाही.

श्रावणात सुरतेहून फोन आला: आणखी आठशे.
मी विचारलं, त्या गाडीत सगळ्यांत पुढे धावतो
त्या कुत्र्याचं नाव काय?
‘ते ऑर्डरमधी लिहेल नसतं,’ हमीदभाई म्हणाले,
आणि खरंच कागद उलटून पाहिला.

पाचशे कितव्या तरी नगात
पट्टीच्या आतल्या अंगाला मी काळ्या दोऱ्याचा
एक टाका जास्त घातला.
तपासणीत तो सापडला नाही.