वडील

काल रात्री ते चौघे आले,
कंदील दाराबाहेरच ठेवून.
बायकोनं उसिपा तळली होती,
आमच्या मलावी सरोवरातली, बोटाएवढी मासळी.
ती त्यांनी काट्यांसकट खाल्ली,
वाऱ्याचं बोलले, कुणाच्या होडीचं बोलले,
आणि मग म्हातारे याफेट न्यासुलू म्हणाले,
मंडळीत वडिलांची एक जागा रिकामी आहे.

मी म्हणालो, विचार करतो.
ते म्हणाले, कर.
आणि बराच वेळ कुणीच उठलं नाही.

माझे वडील मंडळीचे वडील होते.
लहानपणी मला वाटे, शब्द एकच आहे,
म्हणजे अख्ख्या गावानं त्यांना माझ्याकडून
थोडं थोडं मागून नेलेलं आहे.
कोट एकच. त्याला छातीवर
इस्त्रीच्या निखाऱ्यानं पडलेलं भोक.
ते झाकायला बायबल छातीशी धरत.
लोकांना ती भक्ती वाटे.

कुणाची होडी कुणाच्या जाळ्यावरून गेली,
कुणाच्या सुनेनं चुलीवरचं भांडं आपटलं,
कोण पिऊन प्रभुभोजनाला आलं,
सगळं आमच्या अंगणात येई, चटईवर बसे.
ते फार बोलत नसत.
मक्याचे दाणे सोलत ऐकत.
कणीस संपलं की बहुतेक भांडणही संपलेलं असे.
नसलं, तर दुसरं कणीस घेत.

मी बारा वर्षांचा होतो.
देवळाच्या पत्र्यांसाठी डबा ठेवला होता,
दूध पावडरचा, झाकणाला चीर पाडलेला.
त्यातून मी नऊशे क्वाचा काढले.
फुटबॉलचे बूट आणले, एक नंबर मोठे.
घरी म्हणालो, सापडले.

त्यांनी मला मारलं नाही.
रविवारी उपासना संपल्यावर उभे राहिले,
म्हणाले, डब्यात कमी भरले ते माझ्या घरामुळे.
माझं नाव घेतलं नाही.
गावाला ते ऐकायची गरजही नव्हती.
"ज्याला आपलं घर सांभाळता येत नाही..."
एवढं म्हणून पुढचं सोडून दिलं.
शास्त्र सगळ्यांना पाठ होतं.
किल्ली टेबलावर ठेवली. तिचा आवाज झाला.

दोन वर्षं ते शेवटच्या बाकावर बसले,
माझ्या शेजारी.
प्याल्यांचं ताट आलं की तसंच पुढे सरकवत.
कुणी तसं सांगितलं नव्हतं.

घंटा मात्र तेच वाजवत राहिले.
घंटा म्हणजे आंब्याला टांगलेली
मोडक्या ट्रकची रिम, आणि एक सळई.
पद गेलं, पहाटे उठायची खोड गेली नाही.
आणि लोकही येत राहिले,
आता मागच्या दारानं,
आपलं कणीस आपणच घेऊन.

तिसऱ्या वर्षी किल्ली परत आली.
त्यांनी ती माझ्या हातात दिली.
जा, देऊळ झाडून ये.
डबा तिथंच होता, टेबलावर, गळ्यापर्यंत भरलेला.
मी सगळं झाडलं.
डब्याखालची धूळ तेवढी राहिली,
उचलायचा धीर झाला नाही.

ते जाऊन सहा वर्षं झाली.
आज पहाटे मी आंब्याखाली गेलो.
रिमला एका जागी खळगा पडलाय, वाटीएवढा.
मी मुद्दाम दुसरीकडे सळई हाणली.
आवाज असा फुटका आला
की पाण्यावरच्या होडीत कुणीतरी हसलं.
मग खळग्यात मारली.

न्यासुलूंना अजून काही कळवलेलं नाही.
माझ्या मुलाच्या उशाशी एक फोन आहे,
काच न तडकलेला.
सापडला म्हणतो.

अंगणात चटई टाकली आहे.
एक कणीस घेऊन बसलोय,
तो उठेल तेव्हा उठेल.