एकोणिसावी पायरी

एकतीस वर्षं पार्कसाइटच्या म्युनिसिपल दवाखान्यात
ड्रेसर होतो.
माणूस बाकड्यावर टेकला की
नाव विचारायच्या आधी मला त्याची गल्ली कळायची.

उजव्या पोटरीला आतून गोल चटका,
म्हणजे मोटरसायकलवरून नको त्या बाजूने उतरलेलं पोर.
कपाळावर आडवी सरळ चीर,
म्हणजे काटकरांचा पत्रा, आणि माणूस उंच.
सोललेली नडगी, तिच्यावर गंजाचा ठिपका,
म्हणजे गिरणीसमोरचं ते झाकण
जे इकडून दाबलं की तिकडून उठतं.

आणि गुडघे.
गुडघे सगळे टेकडीच्या जिन्यावरचे.
त्रेसष्ट पायऱ्या.
दूधवाला आला, हंडेवाली आली,
एकदा तर फेट्यासकट नवरदेव आला,
मागे बेंडबाजा दवाखान्याच्या दारात ताटकळत.

मी आयोडीन लावायचो, फुंकर घालायचो,
"बघून चालावं" म्हणायचो.
पडलेलाही तेच म्हणायचा,
"माझंच लक्ष नव्हतं."

इतक्या माणसांचं एकाच जागी लक्ष कसं नसेल,
हे डोक्यात यायला
रहमत शेखची हनुवटी तिसऱ्यांदा फुटावी लागली.
सहा वर्षांची. डॉक्टर टाके घालत होते,
मी डोकं धरलं होतं,
तर दातांतल्या दातांत म्हणाली,
"ती पायरी मोठी आहे. मी मोजलीय. एकोणीस नंबर."

सुटल्यावर गेलो.
लोक मला ओलांडून जात होते
आणि मी उकिडवा बसून वितीने पायऱ्या मोजत होतो.
अठरा सारख्या.
एकोणिसावी दोन बोटं उंच.
फक्त दोन बोटं.
डोळ्याला दिसत नव्हती, पायाला लागत होती.

वॉर्ड ऑफिसातले साहेब चांगले होते, चहा पाजला.
पण जिना कोणत्या खात्याचा, तेच सापडेना.
फाइल शोधतो म्हणाले. शोधत असतील.

इंद्रपाल मिस्त्रीला नेऊन दाखवलं.
म्हटलं, खालची पायरी जरा चढव, झालं.
तो हसला. "काका, मग चूक एक पायरी खाली उतरेल.
ही खालच्या सगळ्यांत वाटून द्यायला लागेल,
थोडी थोडी,
कुणाला कळणार नाही एवढी."

तीन गोणी सिमेंट, वर्गणी काढून.
काटकर आजींनी अकरा रुपये दिले आणि एक तास ऐकवलं.
एका रात्री अर्धा जिना, दुसऱ्या रात्री उरलेला,
म्हणजे येणाऱ्याजाणाऱ्याला वाट राहील.
पहाटे डुलकी लागली तेवढ्यात एक मांजर चढून गेली,
तिचे पंजे अजून आहेत.

पुढचे आठ दिवस काय सांगू!
पाय सवयीने उंच जायचा,
खाली पायरी असायची आधीच.
धप्प. धप्प. दिवसभर.
आजी म्हणाल्या, "चांगला होता की जिना.
तुम्ही बिघडवलात."

नवव्या दिवसापासून कुणी काही म्हणालं नाही.
कौतुकही नाही. न पडलेला माणूस
कशाला येईल सांगायला?
फक्त दोनेक महिन्यांनी सिस्टर म्हणाल्या,
"आयोडीन उरतंय हो हल्ली."

रिटायर झाल्यावर
सायकलची जुनी ट्यूब उभी चिरून
काटकरांच्या पत्र्याच्या कडेला बसवली.
झाकणाखाली टायरचा तुकडा सारला, ठकठक थांबली.
सायलेन्सरपुढे मात्र हरलो,
रहमतचा भाऊच ऐकत नाही.

ती आता दहावीला आहे.
परवा वरून धडाधडा उतरत आली,
डोळे मोबाइलमध्ये, वेणी अर्धी.
तोंडाशी आलं होतं, "बघून चाल."
गिळलं.
ती गेली एकोणीस, अठरा, सतरा,
तिला कुठलाच नंबर आठवत नसावा.

मी चढायला लागलो.
एकोणिसाव्या पायरीला माझा पाय
अजून दोन बोटं जास्त उचलला जातो.
धप्प.