कॅपलिनचा आठवडा

नकाशा घडीवर फाटलाय,
आणि नेमक्या त्याच घडीत ते गाव होतं.
अर्धं नाव इकडे, अर्धं तिकडे,
मध्ये बोटभर काहीच नाही.
तू म्हणालास, चल, ते बोटभर बघून येऊ.

रात्रभर तंबूवर धुकं ठिबकत होतं.
सकाळी काड्या सर्दावलेल्या, स्टोव्ह पेटेना,
चहा झाला तो नुसता कोमट धीर,
आणि सेंट जॉन्सहून आणलेला पाव दमट.
लिअँडर, तुझ्या दाढीत स्प्रूसची सुई होती
थेट दुपारपर्यंत. मी सांगितलं नाही.

डांबर संपलं, खडी लागली.
पहिला फाटा मासळीच्या बंद कारखान्यापाशी मेला,
दुसरा कुणाच्या तरी वाळत घातलेल्या चादरींत.
बाई हात पुसत दारात आली,
रागावली नाही, गाडी वळवायला जागा करून दिली,
आणि चादरींवर बसलेल्या धुळीकडे
आपण जाईपर्यंत तिने बघितलं नाही.

तिसऱ्या फाट्यावर, जिथे घर ना दार,
रस्त्याच्या कडेला बटाट्यांचे चार वाफे.
इथे असंच. रस्ता बांधताना उकरलेली माती मऊ पडते,
मग लोक दहा दहा मैलांवरून येऊन तिथे लावतात,
कुंपण नाही, राखण नाही.
एक म्हातारा सरींत वाकून मासे पुरत होता.
कॅपलिन. वीतभर, चंदेरी,
उन्हाळ्यात आठवडाभर लाटेबरोबर आपणहून किनाऱ्यावर येतात,
मरायला नव्हे, अंडी घालायला;
मरणं ओघानं येतं.

त्याने नाव नाही विचारलं. विचारलं, "तुम्ही कुणाचे?"
तू आजोबांचं नाव सांगितलंस, आईकडच्या.
"त्याचा डावा हात आखूड होता," तो म्हणाला.
तुला हे कधीच कुणी सांगितलं नव्हतं.
तू गुपचूप स्वतःच्या डाव्या हाताकडे पाहिलंस.

आंब्रोज त्याचं नाव. आणि पुढचा रस्ता?
"जातो. पण कुठे जात नाही.
घरं आम्ही पाण्यावरून ओढून नेली,
खाली पिंपं बांधून, पुढे होड्या,
चूल, खिडक्या, पडद्यांसकट. मी बारा वर्षांचा.
आमची मांजर माळ्यावर राहिली होती,
तिने अख्खी खाडी खिडकीतून बघत पार केली.
मेलेले तेवढे तिथेच आहेत.
त्यांना कसं हलवणार, म्हणाले."

शेवटचे दोन मैल आपण चाललो.
कमरेइतकं गवत, आणि गवतात
सिमेंटच्या तीन पायऱ्या. वर काही नाही.
तू उगाच चढलास. तिसरीवर थांबून
पाय पुसल्यासारखे केलेस.

टेकाडावर थडगी, त्यांना कुंपण, पांढरंशुभ्र,
अर्धंच. उरलेलं करडं.
उलट्या होडीखाली रंगाचा डबा, झाकणावर दगड,
ब्रश रॉकेलात बुडवून ठेवलेला
कुणी उद्या येणार असल्यासारखा.
तेव्हा मला आंब्रोजच्या नखांतलं पांढरं आठवलं,
जे मी खवलं समजले होते.

आपण एकमेकांना विचारलं नाही.
अकरा फळ्या झाल्या, तोवर काळ्या माश्यांनी मान फोडून काढली,
मग धुकं आलं आणि बारावी दिसेना.
तुझ्या फळ्यांवर ओघळ आले, माझ्या नाही,
हे इथे नोंदवून ठेवते.

गाडीशी परतलो तर बॉनेटवर बादली,
ओल्या गोणपाटाने झाकलेली, अर्धी भरून मासे.
चिखलात ट्रकच्या चाकांच्या खुणा,
आलेल्या आणि गेलेल्या.

रात्री तळले. डोक्यासकट खायचे असतात.
तवा तू डाव्या हाताने धरला होतास.
हात चांगला लांब आहे तुझा.
तरी मी दोनदा पाहिला.