हातभर पुढे

उभी गाडी टायरवर बसते.
म्हणजे रबर एकाच जागी चपटं होतं,
माणूस खुर्चीवर बसून बसून होतो तसं.
म्हणून दर सोमवारी सगळ्या गाड्या हातभर पुढे ढकलायच्या,
पुढच्या सोमवारी हातभर मागे.
चाकाचा पाव फेर म्हणजे बरोबर एक हात.
मी आणि वाघचौरे. तिसरा होता, आता नाही.

शोरूम भांडुपला, एलबीएस रोडवर,
बंद कारखान्याच्या भिंतीला लागून.
अकरा गाड्या आत, बेचाळीस गच्चीवर ताडपत्रीखाली,
चोपन्नावी केरसी शेठच्या छातीवर, असं वाघचौरे म्हणतो.
कंपनी माल पाठवतच राहिली, टार्गेट म्हणून.
गाड्या चालत नाहीत. बँकेचं व्याज चालतं,
रविवारीसुद्धा.

माझं काम डिलिव्हरीचं.
झेंडूचा हार, बॉनेटवर स्वस्तिक, चाकांखाली लिंबं,
गिऱ्हाइकाच्या हातात थर्माकोलची किल्ली, पोराएवढी.
फोटो. टाळ्या. पेढा.
गाडी यार्डातून इथवर आणायचो मीच,
मीटरवर सात किलोमीटर.
सोळा वर्षांत चार हजार नव्या कोऱ्या गाड्या,
प्रत्येकीच्या नशिबी मी सातच किलोमीटर.
बेरीज अठ्ठावीस हजार होते.
कुठे पोचलास विचाराल तर भांडुपला.

लिंबूवाल्याचा खाडा करायला मन होत नाही.
लिंबं घरी नेतो. बायको म्हणते,
लोणचं तरी किती घालायचं माणसानं.

लविना तुस्कानो वसईहून येते, रोज लिपस्टिक लावून.
तिचा नंबर दिसला की लोक फोन उचलत नाहीत.
एकाने उचलला. म्हणाला, ताई, माझीच गेली.
तिला वाटलं गाडी.
तो नोकरीचं बोलत होता.

गेल्या शनिवारी एकजण आला,
चपला दाराबाहेर काढून.
लविना उठली, हसली, पाणी दिलं.
त्याने किंमत विचारली नाही, किती देते तेही नाही.
डाव्या दारापाशी उकिडवा बसला
आणि दाराच्या फटीतून नख फिरवलं, वरून खाली,
आई लेकराच्या भांगात उवा बघते तसं.
मग चासी नंबर वाचला, ओठ हलवत.
"फेब्रुवारीची. सेकंड शिफ्ट असेल," म्हणाला,
"डावं पुढचं दार माझ्याकडे होतं."

भानुदास खरमाटे. चाकणला कंत्राटी, पाच वर्षं.
शिफ्टला दोनशे दहा दारं.
आता मेव्हण्याकडे, टेकडीवर, बघू म्हणतो.
"आत कधी बसलो नाही. दार लागतं तेव्हा सीट नसते,
ती पुढच्या स्टेशनवर बसते."

बस म्हटलं.
बसला. दार लावलं. उघडलं. परत लावलं.
आम्ही गिऱ्हाइकांना सांगतो, आवाज ऐका, कसा भरीव येतो.
ह्याला काय सांगणार.
तो डोळे मिटून ऐकत होता आणि एकदा
किंचित मान हलवली, नाही अशी.
बिजागरी असावी. मला काही कळलं नाही.

सोमवार नव्हता.
तरी मी पिशवीतून लिंबं काढून चाकांपुढे ठेवली.
लविनाने थर्माकोलची किल्ली आणली,
मग तिला काय वाटलं, परत नेऊन ठेवली.
वाघचौरेने मागून खांदा लावला.
न्यूट्रल, मी म्हटलं.
खरमाटेने स्टिअरिंग दोन्ही हातांनी धरलं, सरळ,
पुढे काचेपलीकडे एलबीएस रोड होता.

हातभर.
लिंबं फुटली. एसी बंद असल्याने
वास बराच वेळ राहिला.

केरसी शेठ केबिनमधून बाहेर आले.
फरशीवरचा रस बघितला, गाडीतला माणूस बघितला.
"मीटर?" म्हणाले.
मी किल्ली फिरवून वाकून बघितलं. सातच.
"मग नवीच आहे अजून," म्हणाले,
आणि फडकं आणायला स्वतः गेले.